गुणमालाअक्काचं नखुरडं

सांगलीजवळच्या समडोळीच्या गुणमालाअक्काला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे, आणि हे तिने कधी लपवलंही नाही. बाकीची माणसं आतल्या आत जळतात आणि वरून गोड हसतात. अक्का जळायची ती उघड्यावर. धाकट्या जावेने नवा मिक्सर घेतला तेव्हा हिच्या पोटात दुखायला लागलं, आणि खरोखरच ओवा चावत ती दुपारभर पडून राहिली. शेजारच्या पोरीला बँकेत नोकरी लागली, ते पेढे घेऊन आले, तर पेढा हातात धरून अक्का विचारते, "कायमची हाय का कंत्राटी?" बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, पर्युषणात पहिल्या अभिषेकाचा मान दुसऱ्या घराला गेला, तर पुढचं पर्युषण येईपर्यंत ती धुमसत राही. नवरा धन्यकुमार सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा अडत्या. बायको जळायला लागली की हा माणूस गुपचूप मोटरसायकल काढून दुकान गाठायचा.

एका गोष्टीत मात्र गावात अक्काची बरोबरी करणारं कुणी नव्हतं, ती म्हणजे स्वच्छता. पहाटे अंघोळ करून, हाताने पिळलेलं सोवळं अर्धवट ओलं असतानाच नेसून ती पूजा करायची. मोलकरणीने घासलेली भांडी पुन्हा विसळायची. पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, गाळणं धुवायची, आणि मग गाळणं धुतलेले हात धुवायची. दिवसातला निम्मा वेळ तिचे हात पाण्यात असत. त्यामुळे उजव्या हाताच्या दोन बोटांना तिला कायमचं नखुरडं होतं. नखांच्या कडा सुजलेल्या, लालसर, दाबलं तर ठणकायच्या, आणि नखं खडबडीत झालेली. फारच दुखलं तर ती लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून बसे. कामसू बाईला हे व्हायचंच, असं तिचं म्हणणं होतं. ज्या बायकांची बोटं गुळगुळीत, त्यांच्याकडे बघून ती नाक मुरडायची.

मुलगा भरतेश साताऱ्याला एमआयडीसीत नोकरीला. त्याने तिथल्याच अश्लेषाशी लग्न केलं. पोरगी जैन नव्हती, पण गुणी होती, सासरी आली की कांदा-लसूण तोंडात घालत नसे, आणि अक्काने तिला थोड्या कुरबुरीनंतर पदरात घेतलं. अक्काच्या डोळ्यांत खुपत होती ती तिची आई, पद्माबाई. भरतेशचा फ्लॅट पद्माबाईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. रविवारी फोन केला की भरतेश सांगायचा, "आज मम्मींच्याकडं जेवलो. पुरणपोळ्या केल्या हुत्या." आपल्या पोटचा पोर परक्या बाईला मम्मी म्हणतो, हे ऐकून अक्काच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फोन ठेवल्यावर ती नवऱ्याला म्हणायची, "पोरगं मी वाढवलं, आन् खायला घालतीया ती."

त्यात अश्लेषाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रीतीप्रमाणे नातू पहिल्यांदा पद्माबाईंच्या मांडीवर जाणार, तिच्याच हातची अंघोळ घेणार, तिचाच आवाज ओळखायला शिकणार. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण तेवढं अक्काच्या वाट्याचं होतं, आणि ते तिने असं दणक्यात केलं की पद्माबाईंनी पुढे काहीही केलं तरी ते फिकं पडावं. सगळ्या बायकांच्या हातांवर मेंदी काढली. अक्काने तर बोटांची टोकं नखांसकट मेंदीत बुडवून घेतली. विहीण-व्याही संध्याकाळी साताऱ्याला परतले, अश्लेषा आणि भरतेश मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अश्लेषाच्या पोटात कळा सुरू झाल्या.

सांगलीच्या दवाखान्यात पोट उघडून बाळ काढावं लागलं. मुलगा झाला. जेमतेम किलोभराचा. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन हे सांगत होत्या तेव्हा अक्काच्या मनात पहिला विचार आला, "सांगलीत झाला. आमच्यात झाला." दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला, आणि तो आला तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली.

पद्माबाई आणि त्यांचे यजमान चिंतामणराव, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, दुपारच्या आत पोचले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून समजावून सांगितलं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आई वारेतून बाळाला स्वतःची रोगाशी लढण्याची शक्ती देत असते. हे बाळ त्याआधीच बाहेर आलं, त्यामुळे त्याचा वाटा त्याला मिळालाच नाही. त्याची कातडी पापुद्र्याएवढी पातळ. रक्तातल्या ज्या पेशींनी जंतू गिळायचे, त्या थोड्या, आणि ज्या आहेत त्यांना अजून काम नीट जमत नाही.

"म्हंजे रंगरूट हायत," चिंतामणराव म्हणाले. "वर्दी दिली, पण फायरिंग शिकवायचं राहून गेलं."

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि अशा बाळांमध्ये मला सगळ्यात भीती वाटते ती बुरशीची. ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर असते. तोंडात, आतड्यात, कातडीच्या ओलसर घड्यांत. आपलं शरीर तिला जागच्या जागी दाबून ठेवतं, म्हणून ती आपल्याला काही करत नाही. या बाळाला ते जमणार नाही. त्याच्या रक्तात ती शिरली तर फार कठीण."

"बुरशी? आमच्या घरात?" अक्काला ते लागलं. "आमी शिळं लोणचंबी खात न्हाई, डॉक्टर."

पद्माबाईंच्या पिशवीत गेल्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याची बरणी होती. त्यांनी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली, आणि अक्काने ते बरोबर टिपलं. तेवढ्या धामधुमीतही तिला बरं वाटलं.

अश्लेषाला ताप चढला होता, रक्तदाबही खाली येईना. तिच्या छातीतला चीक नर्स स्वप्नाली थेंब थेंब काढून घ्यायची आणि कापसाच्या बोळ्याने बाळाच्या गालाच्या आतून लावायची. आईकडून मिळेल ते संरक्षण असं तरी मिळू दे, म्हणायची. चिंतामणराव घर बघायला परत गेले. पद्माबाई राहिल्या, आणि राहणार कुठे, तर समडोळीला, अक्काच्याच घरी.

आता मात्र अक्काची खरी परीक्षा सुरू झाली. पद्माबाई बाई शहाणी. पहिल्याच दिवशी विचारून घेतलं काय चालतं, काय चालत नाही. बटाटा, कांदा, लसूण बाजूला. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, हेही लक्षात ठेवलं. नुसत्या हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर त्यांनी अशी आमटी केली की धन्यकुमारने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. "विहीणबाईंच्या हाताला चव हाय," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात अक्काच्या आमटीला त्याने नुसतं "मीठ बरूबर हाय" म्हटलं होतं. अक्काने ती वाटी घासली ती अशी, की वाटीचाच गुन्हा होता. शेजारणीही पद्माबाईंशी बोलायला यायला लागल्या. आठवडा व्हायच्या आत ती बाई गावच्या निम्म्या बायकांच्या सुना-मुलींची नावं जाणत होती.

मग एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ जरा स्थिरावलंय, आता त्याला उबेच्या पेटीतून काढून रोज थोडा वेळ कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचं. अंगाला अंग लागलं की ऊब मिळते, श्वास नीट चालतो, वजन चढतं. हे काम खरं आईचं, पण अश्लेषा तापात होती. भरतेशला सर्दी झालेली. "आजी चालेल," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही आज्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

"नातू आमच्या घरचा. पयला मान आमचा," अक्का म्हणाली. मुलीकडच्या माणसाने यावर काय बोलायचं? पद्माबाई पुन्हा बसल्या.

स्वप्नालीने अक्काला हात धुवायला लावले आणि विचारायचं ते सगळं विचारलं. खोकला? न्हाई. ताप? न्हाई. अंगावर खाज, नायटा, नखांना काही त्रास? बोटांची टोकं मेंदीने अजून काळपट लाल होती, त्यात सुजेचा लालपणा कुणाला दिसणार? अक्काने एक क्षण आपल्या बोटांकडे बघितलं. मग तिने बाकावर बसलेल्या पद्माबाईंकडे बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली.

नखुरडं म्हणजे काही रोग नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं. आणि नखुरडं आहे म्हटलं असतं, तर या पोरीने लगेच म्हटलं असतं, बरं, मग दुसऱ्या आजी या. ते होऊ देणं अक्काच्या रक्तात नव्हतं.

बाळ छातीवर आलं. इतकं हलकं, की आहे की नाही ते कळेना. पण ऊब लागताच त्याने हातपाय सैल सोडले आणि अक्काच्या कातडीवर गाल टेकवून ते झोपलं. भरतेशच्या वेळी शेतातली माणसं, सासू-सासरे, भांडी, धुणं यात त्याला असं नुसतं घेऊन बसायला अक्काला कधी मिळालंच नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते खरं होतं. पण हेही खरं की रोज बाळाला घेऊन बसल्यावर, काचेपलीकडे पद्माबाई उभ्या आहेत ना, हे ती आधी बघून घ्यायची आणि मगच डोळे मिटायची. एकदा पद्माबाईंनी बसमध्ये हळूच विचारलं, "अक्का, उद्या मी बसू का थोडा वेळ?"

"तुमाला जिना चढताना दम लागतोय," अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली. "कशाला दगदग."

त्यानंतर एक सकाळ अशी आली की बाळ ढेपाळलं. दूध पचेना. मध्येच श्वास थांबायचा, मशीन ओरडायचं, स्वप्नाली तळपायाला टिचकी मारून त्याला जागं करायची. रक्त तपासायला गेलं आणि दोन दिवसांनी उत्तर आलं. रक्तात बुरशी होती. डॉक्टरीणबाईंनी उत्तराची वाट न बघता औषध आधीच सुरू केलं होतं, म्हणून आशा आहे, पण नुसती आशाच आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग त्या सगळ्यांकडे वळल्या.

"ज्यांचे हात सतत पाण्यात असतात, त्यांच्या नखांच्या कडा कधीकधी सुजलेल्या असतात. तिथे बऱ्याचदा हीच बुरशी असते. तुमच्यापैकी कुणाला असं काही आहे का?"

पद्माबाईंनी दोन्ही हात लगेच पुढे केले. गुळगुळीत बोटं, कापलेली नखं. अक्काचे हात पदराखाली होते. मेंदी आता पुसट झाली होती. ती तोंड उघडणार, की नाही उघडणार, तेवढ्यात आतलं मशीन ओरडलं आणि डॉक्टरीणबाई धावत आत गेल्या. प्रश्न तिथेच राहिला. अक्काने तो उचलला नाही. इथे तिची बाजू घ्यावी असं काही नाही, आणि आपण घेणारही नाही. ती घाबरली होती हे खरं, पण नुसती घाबरली नव्हती. पोर वाचलं, तर ते त्या गुळगुळीत बोटांत जाणार, हा विचार त्याही वेळी तिच्या मनात आला होता.

घरी आल्यावर ती मोरीवर जाऊन हात घासायला बसली. साबण लावला, राख लावली, तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं. घासता घासता तिचे हात थांबले. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? पाण्यात हात असणाऱ्यांना होतं. ज्या धुण्यावर जन्मभर तोरा मिरवला, तेच हे नखुरडं पोसत होतं. ज्या लोणच्यावरून तिने विहिणीला मनात हिणवलं होतं, त्या लोणच्यात बुरशी नव्हती. ती हिच्या बोटांत होती. ती तशीच मोरीवर बसून राहिली. पद्माबाई दारात आल्या.

"असं मनाला लावून घेऊ नका, अक्का," त्या म्हणाल्या. "तुमच्या छातीवर होतं तेवढे दिवस तरी लेकरू सुखात झोपलं."

बाईने टोमणा मारला असता तर अक्काला बरं वाटलं असतं.

औषध लागू पडलं. हळूहळू बाळ दूध घ्यायला लागलं, मशीन ओरडायचं कमी झालं, रक्ताची पुढची तपासणी चांगली आली. अश्लेषाचाही ताप उतरला. तिला चाकाच्या खुर्चीतून बाळाजवळ आणलं, पण टाके चिघळलेले होते, तिला फार वेळ बसवेना, आणि भरतेशची सर्दी अजून पुरती गेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळाला आता पुन्हा छातीवर घ्यायला हवं, त्याला त्याची गरज आहे. आजी कोण बसणार?

पद्माबाई पुढे झाल्या. या वेळी अक्का जागची हलली नव्हती, म्हणून त्यांना वाटलं असावं, आता आपली पाळी.

"मम्मी, तू नको," अश्लेषा म्हणाली. "आईंनाच बसू दे. त्याला त्यांची सवय झालीय. आई, तुम्हीच घ्या त्याला."

अक्काने पद्माबाईंकडे बघितलं. भरतेशच्या लग्नापासून जे बघायची तिला आस होती, ते आज समोर होतं. पद्माबाईंचा चेहरा उतरला होता. ओठ आवळलेले, डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यामागे जळफळाट. अक्काला तो ओळखायला वेळ लागला नाही, त्याच्याशी तिची जन्माची ओळख होती. पोटच्या मुलीने आईला बाजूला सारून सासूला जवळ केलं होतं, सगळ्यांच्या देखत. याहून मोठा मान अक्काने मागितला नसता. मनातून तिला उकळ्या फुटल्या, ते खोटं कशाला सांगा.

तिने पदराखालून उजवा हात बाहेर काढला आणि डॉक्टरीणबाईंपुढे धरला.

"माझ्या बोटास्नी नखुरडं हाय," ती म्हणाली. "तवाबी हुतं. ह्या पोरीनं इचारलं, तवा मी न्हाई म्हणाले. तुमी इचारलं, तवा गप बसले."

भरतेश आईकडे बघत राहिला. अश्लेषाने चाकाच्या खुर्चीतच तोंड फिरवलं आणि ते पुन्हा अक्काकडे वळवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बोटं उजेडात धरून तपासली.

"तुमच्याकडूनच गेली असं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या स्वतःच्या आतड्यातूनही जाऊ शकते, कुठूनही जाऊ शकते. ते कधी कळणार नाही. पण विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं."

"व्हय," अक्का म्हणाली.

औषधाचा मलम मिळाला, आणि ताकीद मिळाली. हात कोरडे ठेवायचे. भांडी नाहीत, धुणं नाही, पाणी गाळणं नाही, ओलं सोवळं नाही. काही महिने. बोटं बरी होईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. म्हणजे नातू गेला आणि घरही गेलं. दोन्ही पद्माबाईंच्या हातात, आणि अक्काने ते स्वतः तोंड उघडून दिलेलं.

पद्माबाई आत गेल्या, पण एवढंसं बाळ बघून त्या गडबडल्या. "माझ्याच्यानं नाही व्हायचं," त्या स्वप्नालीला म्हणाल्या. अक्का दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलं नाही.

"डोस्कं जरा वर घ्या," ती म्हणाली. "डावीकडं कलू द्या. उजवीकडं ठिवलं की कुरकुरतंय. आता हात पाठीवर ठिवा, थोपटू नगा, नुसता ठिवा."

बाळाने हातपाय सैल सोडले आणि पद्माबाईंच्या छातीवर गाल टेकवून ते झोपलं. अगदी तसंच, जसं अक्काच्या छातीवर झोपायचं. अक्काला वाटलं होतं, निदान थोडं रडेल. ती काचेपलीकडे जाऊन उभी राहिली, जिथे इतके दिवस पद्माबाई उभ्या राहायच्या. तिच्या पोटात असं काही कळवळलं, की ओव्याने थांबणारं ते दुखणं नव्हतं. धन्यकुमार जवळ येऊन म्हणाला, "बस जरा." ती बसली नाही.

वेळ झाल्यावर स्वप्नालीने बाळ पेटीत ठेवलं. पद्माबाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि अक्काशेजारी काचेला टेकून उभ्या राहिल्या.

"अक्का, एक सांगू?" पद्माबाई म्हणाल्या. "रोज इथून बघताना तुमचा इतका राग यायचा मला. वाटायचं, उठत का नाही ही बाई."

"मला आता तेच वाटत हुतं," अक्का म्हणाली.

"मग उद्या..."

"उद्या उठू नगा," अक्का म्हणाली. "मी हितं कितीबी जळले तरी उठू नगा."